सल्लागार कारखान्यात येतो तेव्हा

फरिदाबाद, मानेसर, ओखला, बवाना, साहिबाबाद, नोएडा फेज टू. दिल्लीभोवतीच्या या पट्ट्यात चाळीस-पन्नास माणसांचा कारखाना चालवणाऱ्या मालकांची तक्रार बहुधा एकच असते: ऑर्डरी आहेत, माणसं आहेत, मशिनं आहेत, पण माल वेळेवर बाहेर पडत नाही. रोज संध्याकाळी डिस्पॅचपाशी आरडाओरडा, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ओव्हरटाइम, आणि कोणालाही विचारलं तरी ठरलेलं उत्तर, ‘हो जाएगा जी.’ मग असोसिएशनच्या चहापानात कोणीतरी सुचवतं, एखादा कन्सल्टंट बघा. मालक मनातल्या मनात म्हणतो, या धंद्यात माझी पंचवीस वर्षं गेली. बाहेरचा माणूस येऊन मला काय शिकवणार?

शंका रास्त आहे. धंदा तो शिकवणार नाहीच. पत्रा कुठून घ्यावा, कोणतं गिऱ्हाईक पैसे बुडवतं, कोणत्या फिटरचा हात चांगला, हे मालकालाच जास्त कळतं. सल्लागाराकडे दोन गोष्टी असतात ज्या मालकाकडे नसतात. एक, दिवसभर एकाच मशिनपाशी घड्याळ घेऊन उभं राहायला वेळ. दोन, ‘हे असं का करता?’ असं विचारताना लाज न वाटणं. बाकी कामाचा बराचसा भाग या दोन गोष्टींतूनच निघतो, आणि तो कसा निघतो ते पाहण्यासाठी थोडं दिल्लीबाहेर जावं लागेल, मुंबईच्या उत्तरेला.

तारापूर आणि शेजारच्या गुजरातेतलं उंबरगाव इथे कापड विणणारे कारखाने पुष्कळ. २००८ ते २०१० या काळात स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि जागतिक बँकेतल्या अर्थतज्ज्ञांनी तिथे एक प्रयोग केला. सल्ल्याने खरंच फरक पडतो का, हे औषधासारखं तपासून पाहायचं, असा त्यांचा बेत. सतरा कंपन्या निवडल्या. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपनीची माणसं त्यांच्या कारखान्यांत पाठवली आणि खर्च संशोधकांनी सोसला. काही कारखान्यांना फक्त एक महिन्याचं निदान मिळालं. बाकीच्यांना निदान मिळालं आणि वर चार महिने सल्लागारांनी हाताला धरून बदल करवून घेतले.

सल्लागारांनी जे करायला लावलं त्यात झगमगीत काहीच नव्हतं. कापडातला प्रत्येक दोष प्रकारवार वहीत लिहायचा. मशीन बंद पडलं की कारण नोंदवायचं. सुताच्या साठ्याला रंग आणि प्रत यांनुसार जागा ठरवून द्यायची. रोज सकाळी मॅनेजर आणि सुपरवायझर यांनी उभ्याउभ्या कालच्या आकड्यांवर बोलायचं. अशा ३८ सवयींची यादी होती. सुरुवातीला या कारखान्यांत त्यांतल्या साधारण एक चतुर्थांशच पाळल्या जात होत्या. ज्यांना पूर्ण मदत मिळाली त्यांची उत्पादकता पहिल्या वर्षात १७ टक्क्यांनी वाढली. नुसतं निदान मिळालेल्यांनी त्या मानाने फारच थोड्या सवयी उचलल्या. २०१३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि अर्थशास्त्राच्या वर्गांत अजून शिकवला जातो.

मला त्यातला सर्वांत बोलका भाग वाटतो तो मालकांनी आधी दिलेल्या उत्तरांचा. दोष नोंदवत का नाही, असं विचारल्यावर अनेकांचं म्हणणं होतं की आमचं कापड आजूबाजूच्या इतर कारखान्यांइतकंच चांगलं आहे, मग नोंदवायचं कशाला? ते खोटं बोलत नव्हते. शेजारीही मोजत नव्हता.

आता हे फरिदाबादेत आणू. समजा, सेक्टर २४ मध्ये प्रेस शॉप आहे. मोटारींच्या कंपन्यांना माल देणाऱ्या मोठ्या पुरवठादारांसाठी पत्र्याचे छोटे भाग काढायचे. आठ-आठ तासांच्या दोन पाळ्या, मधल्या आकाराची एक प्रेस सतत अडलेली. दिवसात तीनदा डाय बदलावी लागते. मालकाला विचारलं, डाय बदलायला किती वेळ लागतो, तर तो म्हणतो, अर्धा-पाऊण तास. सुपरवायझर म्हणतो, तासभर. सल्लागार काही म्हणत नाही. तो घड्याळ काढतो आणि जुन्या डायचा शेवटचा चांगला भाग पडल्यापासून नव्या डायचा पहिला चांगला भाग पडेपर्यंतचा वेळ लिहितो. दीड तास.

त्या दीड तासाची फोड पाहण्यासारखी असते. डाय रॅकमध्ये शोधण्यात २० मिनिटं, कारण तिच्यावर नंबर नाही आणि ती कुठल्या खणात ठेवली ते एकाच माणसाला ठाऊक, तो चहाला गेलेला. हॉइस्ट दुसरीकडे अडकला म्हणून १५ मिनिटं नुसतं थांबणं. जुनी डाय सोडवताना बोल्ट तीन मापांचे, पाने शोधण्यात १० मिनिटं. नवी बसवायला २० मिनिटं. मग ट्रायलचे फटके मारत उंची जुळवण्यात २५. सगळं मिळून ९०, आणि हातात पाना धरून प्रत्यक्ष काम चाललेलं त्यातलं निम्मंच.

इथे सल्लागार जी युक्ती वापरतो ती जपानी अभियंता शिगेओ शिंगो याची. बदलाचं काम दोन ढिगांत वाटायचं: मशीन थांबल्याशिवाय करताच येणार नाही असं, आणि मशीन चालू असतानाच उरकता येईल असं. १९६९ मध्ये टोयोटात एक हजार टनी प्रेसची डाय बदलायला चार तास लागत. या वाटणीने तो वेळ आधी दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आला. फरिदाबादच्या शेडमध्ये तीन मिनिटांची स्वप्नं कोणी पाहू नयेत. पण डाय शोधणं आणि हॉइस्ट आणणं ही कामं आधीची बॅच चालू असतानाच करता येतात. तिथेच ३५ मिनिटं वाचली. सगळे बोल्ट एका मापाचे केले की पान्यांची शोधाशोध दहावरून तीन मिनिटांवर येते. डाय ठोकायची जागा प्रेसच्या बेडवर आखून ठेवली की बसवायला बारा मिनिटं पुरतात. मागच्या वेळची उंची कार्डावर लिहून डायलाच टांगली की ट्रायल वीस मिनिटांत आटोपतं. उरलेल्या वेळाची बेरीज ३५ मिनिटं. दिवसात तीन बदल धरले तर पावणेतीन तास मोकळे झाले, एकही मशीन न घेता.

वाचलेले तास ही लहान गोष्ट. मोठी गोष्ट तिच्या मागून येते. डाय बदलणं जिकिरीचं असतं म्हणून एकदा लावली की आठवड्याचा माल काढून ठेवायची सवय पडते. तो माल क्रेटमध्ये भरून वाटेत पडतो, त्यात पैसा अडकतो, आणि गिऱ्हाइकाला आज हवा असलेला भाग नेमका त्या ढिगात नसतो. बदल सोपा झाला की बॅच लहान करता येते, ढीग उतरतो आणि संध्याकाळची आरडाओरड आपोआप कमी होते. डिस्पॅचच्या भांडणाचं मूळ डायच्या रॅकमध्ये होतं, हे मालकाला पंचवीस वर्षांत दिसलं नाही, कारण तो स्वतः त्या वेळी डिस्पॅचपाशी ओरडत उभा असतो.

मोजण्याची ही सवय काही परदेशातूनच यावी असं नाही. करोलबाग आणि चांदणी चौकाच्या गल्ल्यांत सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीकडून आलेल्या गलाई व्यावसायिकांची दुकानं आहेत. दागिना हातात आला की वजन, वितळवला की वजन, तेजाबातून शुद्ध सोनं वेगळं झालं की पुन्हा वजन. प्रत्येक टप्प्याला किती घट आली याचा हिशेब लागल्याशिवाय पुढचं काम नाही. भट्टीची राख आणि जुनी मूससुद्धा फेकत नाहीत. त्यांच्यातूनही सोनं काढतात. प्रेस शॉपवाला असं करत नाही, कारण पत्रा म्हणजे सोनं नव्हे. वर्षाचा स्क्रॅप विकल्यावर भंगारवाल्याने दिलेली रक्कम आणि त्या पत्र्याची खरेदी किंमत शेजारीशेजारी लिहून पाहिली तर त्याचंही मत बदलेल.

म्हणून माझा आग्रह असा की सल्लागाराला फोन करण्याआधी दोन आठवडे स्वतः एक वही ठेवावी. फक्त तीन रकाने: काय अडलं, किती वेळ, कशामुळे. सुपरवायझरने भरायची, मालकाने रोज रात्री वाचायची. कित्येकदा निम्मे प्रश्न त्या वहीतच सुटतात. नाही सुटले तर निदान सल्लागाराला काय सांगायचं ते तरी कळतं. ‘आमचं सगळं सुधारून द्या’ असं सांगून बोलावलेला माणूस सगळ्याचा अहवाल देतो आणि काहीच सुधारत नाही.

माणूस कुठे शोधायचा? दिल्लीकरांना याबाबतीत सोय बरी आहे. लोधी रोडच्या उत्पादकता भवनात राष्ट्रीय उत्पादकता परिषद आहे, १९५८ सालची सरकारी संस्था. कारखान्यांना हाच सल्ला देणं हे तिचं काम. ओखल्याला केंद्र सरकारच्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग मंत्रालयाचं कार्यालय आहे. याच मंत्रालयाने मार्च २०२३ मध्ये ‘लीन’ची, म्हणजे वाया जाणारा वेळ आणि माल कमी करण्याची, योजना नव्या रूपात आणली. बेसिक, इंटरमीडिएट आणि अॅडव्हान्स्ड अशा तिच्या तीन पायऱ्या, आणि सल्लागाराच्या खर्चातला ९० टक्क्यांपर्यंत वाटा केंद्र उचलतं. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते. योजनांच्या अटी बदलत राहतात, तेव्हा अर्जाच्या दिवशी पोर्टलवर काय लिहिलंय तेच खरं धरावं. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्यांसाठी अॅक्मा या त्यांच्या संघटनेचे क्लस्टर कार्यक्रम आहेत. दहा-बारा कारखाने एकत्र येतात, सल्लागार एकच, आणि दर महिन्याला एकमेकांच्या शेडमध्ये जाऊन काय बदललं ते पाहायचं. अॅक्मा आणि संयुक्त राष्ट्रांची युनिडो ही संस्था यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या अशा कामाची पहिली वीसेक कारखान्यांची तुकडी आपल्या महाराष्ट्राकडचीच होती. क्लस्टरचा मला वाटणारा मोठा फायदा खर्चाचा नाही. पुढच्या महिन्यात शेजारी आपली शेड बघायला येणार आहेत, या धाकाने जेवढी कामं होतात तेवढी कराराने होत नाहीत.

खासगी सल्लागार घ्यायचा तर फरिदाबाद किंवा नोएडातल्या उद्योजक संघटनांत विचारावं. त्याने काम केलेल्या दोन कारखान्यांत स्वतः जावं आणि मालकाला न भेटता आधी शेडमधून एक फेरी मारावी. भिंतीवरचा तक्ता कालच्या तारखेपर्यंत भरलेला आहे की मागच्या वर्षीच्या मार्चपाशी थांबलाय? एवढं पाहिलं तरी पुरे. मोठ्या कंपनीत वीस वर्षं काढलेला निवृत्त माणूस पुष्कळदा उत्तम निघतो, पण त्याला चाळीस माणसांच्या जागेत, जिथे खरेदी, हिशेब आणि गिऱ्हाइकाचा फोन हे सगळं एकाच बाईंकडे असतं, तिथे काम केल्याचा अनुभव आहे का ते विचारावं. आणखी एक प्रश्न तोंडावर विचारायचा: तुम्ही सुचवाल त्या सॉफ्टवेअरवर किंवा मशिनवर तुम्हाला कमिशन मिळतं का? मिळत असेल तर तो विक्रेता आहे. विक्रेता असण्यात वाईट काही नाही, फक्त त्याची फी आपण द्यायची नाही.

पहिल्या भेटीतच ईआरपी, म्हणजे सगळा कारभार संगणकावर नेणारं सॉफ्टवेअर, हवं असं ठरवून टाकणाऱ्यापासून सांभाळून राहावं. कागदावर जो गोंधळ आहे तोच गोंधळ संगणकावर गेला की महाग होतो, शिवाय तो दुरुस्त करायला बाहेरून माणूस बोलवावा लागतो.

करारात काय असावं? मोठा मसुदा नको, पण कोणते दोन किंवा तीन आकडे सुधारायचे आहेत ते त्यात नाव घेऊन लिहावं: डाय बदलायचा वेळ, रिजेक्शन, वेळेवर गेलेल्या चलानांचं प्रमाण. आज ते आकडे किती आहेत, हे दोघांच्या सहीने नोंदवावं. सल्लागार स्वतः किती दिवस शेडवर उभा राहील आणि किती दिवस त्याचा सहायक येईल, हे वेगवेगळं लिहावं. गोड बोलायला साहेब येतात आणि काम करायला नुकता पास झालेला मुलगा येतो, ही तक्रार जुनी आहे. आपली किंमतपत्रकं आणि गिऱ्हाइकांची नावं तो बाहेर नेणार नाही याचं कलम हवंच, कारण मानेसरात तो उद्या आपल्याच स्पर्धकाकडे असेल. फी दिवसांवर असो की टप्प्यांवर, तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागेल आणि टीडीएसचंही पाहावं लागेल. ते सीएला आधीच विचारावं.

‘जेवढी बचत होईल त्याच्या इतके टक्के’ अशी फी ऐकायला न्याय्य वाटते. लहान कारखान्यात ती टाळावी असं माझं मत. बचत पत्र्याचा भाव उतरल्याने झाली की डाय लवकर बदलल्याने, यावर वर्षअखेर जो वाद होतो त्यात मैत्रीही जाते. शिवाय टक्केवारीवर आलेला माणूस सर्वांत आधी माणसं कमी करायला सांगतो, कारण ती बचत लगेच दिसते.

शेडमध्ये माणसांना काय सांगायचं हा भाग सगळ्यात नाजूक. घड्याळ घेतलेला परका माणूस मशिनपाशी उभा राहिला की कामगाराच्या मनात एकच विचार येतो: कोणाला तरी काढणार. मग तो मुद्दाम सावकाश काम करतो किंवा एकदम झपाट्याने, आणि दोन्ही आकडे खोटे निघतात. मालकाने पहिल्या दिवशी स्वतः सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं की या कामातून कोणाची नोकरी जाणार नाही, आणि ते पाळावं. एनसीआरमध्ये बरीच माणसं ठेकेदाराकडून आलेली असतात, म्हणून ठेकेदारालाही तिथे उभं करावं. सल्लागार चांगला असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो फिटरजवळ बसून विचारतो, ‘भाईसाहब, सबसे ज़्यादा दिमाग कौन सी चीज़ ख़राब करती है?’ आणि अर्ध्या अहवालाची सामग्री तिथेच मिळते. फिटरला पाने कुठे जातात ते माहीत असतं. त्याला कोणी विचारलेलं नसतं.

दिवस कोणते निवडायचे, याला दिल्लीत फार महत्त्व आहे. दिवाळी ते छठ या काळात बिहार आणि पूर्वांचलाकडची माणसं गावी जातात. होळीला पुन्हा तेच. त्या आठवड्यांतली हजेरी धरून केलेलं निदान चुकतं. ऑक्टोबरपासून हवा बिघडली की प्रदूषणावरचे ‘ग्रॅप’चे निर्बंध लागतात, डिझेल जनरेटरवर आणि जुन्या डिझेल मालमोटारींवर बंदी येते. दिल्लीत जड वाहनांना दिवसा प्रवेश नाही, ते वेगळंच. ओखल्याहून मानेसरला माल पाठवायचा म्हणजे राज्याची सीमा ओलांडायची. हे सगळं कामाच्या वाटेतच आहे, आणि दुसऱ्या शहरातून आलेल्या सल्लागाराला ते सांगितल्याशिवाय कळत नाही. मोजणी जुलै-ऑगस्टमध्ये करावी आणि थंडीचं नियोजन त्या आकड्यांवरून मांडावं, हे बरं.

आणि मालकाचा स्वतःचा वेळ. फीचा आकडा सगळे विचारतात, हा खर्च कोणी मोजत नाही. चार-पाच महिने रोज वीस मिनिटं सकाळच्या त्या उभ्या बैठकीला देता येत नसतील तर सल्लागार बोलावूच नये. तारापूरच्या अभ्यासात एक निरीक्षण असं होतं की कंपनी किती मोठी होते हे घरात कर्ते पुरुष किती आहेत यावर बरंचसं ठरतं. बाहेरच्या मॅनेजरवर भरवसा टाकायला मालक तयार नसतात. दिल्लीतही सही, तिजोरी आणि खरेदी भावाच्या किंवा मुलाच्या हातून बाहेर जात नाही. आकडे भिंतीवर आले की सुपरवायझरला निर्णय देता येतो, कारण त्याने काय केलं ते संध्याकाळी दिसतं. अशा तऱ्हेने मोजणी भरवशाची जागा थोडीफार घेते.

संशोधक काही वर्षांनी तारापूर-उंबरगावला परत गेले. आठेक वर्षांत, लावलेल्या सवयींपैकी जवळजवळ निम्म्या गळून पडल्या होत्या. तरीही हे कारखाने इतरांच्या पुढेच होते, आणि मालकांनी त्या सवयी आपल्या दुसऱ्या कारखान्यांतही नेल्या होत्या. गळतीची मुख्य कारणं दोन सापडली: मॅनेजर सोडून गेला, किंवा मालकांचं लक्ष दुसरीकडे वळलं.

म्हणून करारातच लिहून घ्यावं की काम संपल्यावर तिसऱ्या आणि नवव्या महिन्यात सल्लागार एकेक दिवस परत येईल, त्या दोन-तीन आकड्यांची मोजणी त्याच घड्याळाने पुन्हा करेल, आणि फीचा शेवटचा हप्ता नवव्या महिन्याच्या भेटीनंतर मिळेल. तोवर सुपरवायझर बदलला असेल तर नव्याला डायच्या कार्डापासून सगळं समजावून देणं हेही त्याच दिवसाच्या कामात धरावं. तारीख ठरवताना नववा महिना छठच्या आठवड्यात येत नाही ना, तेवढं कॅलेंडरात पाहून घ्यावं.